डाल्याखाली मासा

रीफ टँकमधले, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले, मासे रोज सकाळी मोजणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी एक मासा कमी भरतो. तो पाण्यावर तरंगत नसतो, जमिनीवर उडी मारून पडलेला नसतो, फिल्टरच्या टाकीत, म्हणजे संपमध्येही सापडत नाही. संशय खेकड्यावर जातो. पण टँकमध्ये हिरवा ब्रिटल स्टार असेल, तर खेकड्याआधी त्याची झडती घ्यावी. ऑफिअरॅक्ना इन्क्रासाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. हिंद आणि प्रशांत महासागरांच्या उथळ प्रवाळांत तो राहतो आणि पूर्ण वाढल्यावर हात पसरून फूटभराच्या वर जातो. रात्री हा प्राणी हातांवर भार देऊन शरीराची मधली चकती वर उचलतो आणि कोंबड्या झाकायच्या डाल्यासारखा उभा राहतो. झोपेसाठी आडोसा शोधणारा छोटा मासा त्या सावलीत शिरला की पाचही हात पीळ घालत खाली येतात. चकतीच्या तळाशी तोंड असतं आणि त्यात पाच जबडे असतात.

गंमत अशी की हाच प्राणी ‘क्लीनअप क्रू’ म्हणून विकला जातो. म्हणजे टँकचा सफाई कामगार. देखणा, स्वस्त, काटक आणि उरलंसुरलं खाऊन घेणारा, अशी त्याची ओळख करून दिली जाते. त्यातलं एकही विशेषण खोटं नाही. फक्त उरलंसुरलं संपल्यावर तो काय करतो, हे सांगायचं राहून जातं.

ब्रिटल स्टार हा तारामाशाचा नातलग. समुद्री साळू, समुद्री काकडी ही याच कंटकचर्मी गोतावळ्यातली मंडळी. जगात ब्रिटल स्टारच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच खोल समुद्रात, अंधारात राहतात. तारामासा तळव्याखालच्या असंख्य नलिकापादांवर सरकतो, ब्रिटल स्टार मात्र हात हलवून चालतो. प्रत्येक हाताच्या आत मणक्यांसारख्या चुनखडी तुकड्यांची माळ असते, म्हणून तो सापासारखा वळतो. चालताना एक हात पुढे धरायचा आणि शेजारचे दोन वल्ह्यांसारखे मारायचे. दिशा बदलायची असेल तर वळायची गरजच नाही, दुसरा हात ‘पुढचा’ ठरवला की झालं. शत्रूने हात पकडला तर तो सांध्यापाशी सोडून देता येतो. सांधणाऱ्या ऊतींचा घट्टपणा हा प्राणी मज्जासंस्थेच्या हुकमाने क्षणात सैल करू शकतो. तुटलेला हात काही आठवड्यांत-महिन्यांत परत वाढतो. त्यामुळे दुकानात एक हात आखूड असलेला ब्रिटल स्टार दिसला तर नाक मुरडू नये. पण सगळ्याच हातांची टोकं पांढरी पडून विरघळत असतील, तर तो प्राणी घरी आणू नये.

ही टोकं विरघळण्याची गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण घरच्या टँकमध्ये ब्रिटल स्टार दगावतो तो बहुतेकदा याच वाटेने. कंटकचर्मींना शरीरातल्या मिठाचं प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळं राखता येत नाही. बाहेरचं पाणी जसं, तसंच आतलं. पुष्कळ दुकानं टाक्यांतली क्षारता मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्याने माशांवरचे परजीवी आटोक्यात राहतात आणि मीठही वाचतं. घरच्या रीफ टँकचं विशिष्ट गुरुत्व मात्र 1.025च्या आसपास असतं. पिशवीतला प्राणी थेट त्यात सोडला तर तो पहिल्या दिवशी छान फिरताना दिसतो आणि दोन-चार दिवसांनी गळायला लागतो. मग दोष दुकानाला. त्यापेक्षा एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब त्याच्या भांड्यात सोडावं, आणि दोन तास दुसरं काही काम करावं.

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात ही क्षारता रोजचा घोर होऊन बसते. पाणी गार करणारा चिलर महाग, म्हणून बरेच जण पाण्यावर पंखा लावतात. त्याने तापमान दोन-तीन अंश उतरतं, पण पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत तर फारच. उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालायचं नसतं, साधं आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढलेलं, घालायचं. नवशिके नेमके इथे फसतात. दुसरा घोर औषधाचा. माशांना व्हाइट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, झाला की तांबं असलेलं औषध टँकमध्ये ओतलं जातं. मासे बरे होतात आणि पाठीचा कणा नसलेली सगळी प्रजा मरते. उपचार करायचे तर वेगळ्या टाकीत.

मग घरी आणावा कोणता? माझं मत सर्पेंट स्टारच्या बाजूने आहे. ऑफिओडर्मा आणि ऑफिओलेपिस या गटांतले हे प्राणी गुळगुळीत हातांचे, आखूड काट्यांचे आणि स्वभावाने गरीब. ऑफिओलेपिस सुपर्बाच्या हातांवरचे गडद पट्टे तर पाहत राहावेत असे. पण गरीब म्हणजे उपाशी ठेवण्याजोगा नव्हे. नव्या, चकचकीत टँकमध्ये त्याला मिळणार काय? टँक निदान सहा महिने मुरलेला असावा, आणि तरीही आठवड्यातून एक-दोनदा कच्च्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा चिमट्याने त्याच्या हाताजवळ ठेवावा. (हळद-मीठ लावायच्या आधीचा, हे स्वयंपाकघरात बजावून ठेवलेलं बरं.) हाताचं टोक तुकड्याला लागलं की त्याची गुंडाळी होते आणि तुकडा तोंडाकडे रवाना होतो. बास्केट स्टार मात्र कुणीही घेऊ नये. त्याच्या फांद्याफांद्यांच्या हातांना वाहत्या पाण्यातून सतत प्लवक लागतात. ते घरात पुरवणं जवळपास अशक्य, म्हणून तो महिनोन्महिने उपाशी राहून मरतो.

ब्रिटल स्टारला मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि त्यातून प्रत्येक हातात गेलेली एक दोरी, एवढाच संसार. तरी टँकच्या दुसऱ्या टोकाला अन्न पडलं की कपारीतून हात बाहेर येतात. सावली पडली की आत जातात. ही सावली त्याला कळते कशी, याच्या शोधाची कहाणी मजेशीर आहे. कॅरिबियन समुद्रातला ऑफिओकोमा वेंडटी (आता त्याची गणना ऑफिओमास्टिक्समध्ये होते) दिवसा गडद लालसर-तपकिरी आणि रात्री फिकट दिसतो. 2001 मध्ये जोआना आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की त्याच्या हातांवरचे कॅल्साइटचे सूक्ष्म फुगवटे हुबेहूब भिंगांचं काम करतात, प्रकाश एका बिंदूवर आणतात. अख्खं शरीर म्हणजे एक डोळा! कल्पना इतकी सुंदर होती की अभियंते तशी भिंगं बनवायला लागले. 2018 मध्ये लॉरेन समनर-रूनी यांच्या गटाने प्रकाशपेशी प्रत्यक्ष शोधल्या तेव्हा त्या भिंगांच्या खाली नव्हत्याच, भिंगांच्या मधल्या जागेत होत्या. म्हणजे भिंगं खरी, पण त्यांतून कुणी पाहत नव्हतं.

तिथे विषय संपायला हवा होता. पण 2020 मध्ये त्याच गटाला आढळलं की हा प्राणी भिंतीवरचा काळा आकार ओळखून आडोशासाठी त्याच्याकडे जातो, पण फक्त दिवसा, अंगावर गडद रंग असताना. रात्री फिकट झाला की जमत नाही. रंगपेशी प्रकाशपेशींभोवती आडपडदा धरतात, त्यामुळे प्रत्येक पेशीला ठरावीक दिशेचाच उजेड मिळतो आणि चित्र उमटतं, असा त्यांचा निष्कर्ष. मला पहिल्या सुंदर कल्पनेपेक्षा ही ओबडधोबड युक्ती जास्त आवडते.

2023 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या ज्युलिया नोटार आणि सहकाऱ्यांनी तर ब्रिटल स्टारला पाव्हलॉव्हच्या कुत्र्याच्या पंगतीत बसवलं. सोळा काळे ब्रिटल स्टार. त्यांपैकी निम्म्यांना दिवे मंद असतानाच कोळंबी मिळायची, उरलेल्यांना दिवे लागलेले असताना. काही महिन्यांनी पहिल्या गटातले प्राणी अन्न पडायच्या आधीच, नुसते दिवे मंद होताच बाहेर यायला लागले. ज्याच्या घरी टँक आहे आणि दिव्यांना टायमर आहे, त्याला हा प्रयोग करून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. धीर मात्र लागतो.

परवानगीवरून आठवलं. भारतीय समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणला डायव्हिंगला जाऊन टँकसाठी प्रवाळाचा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यातला दगड उलटला तर ब्रिटल स्टार दिसतो. पाहावा, आणि दगड होता तसा ठेवावा.

खरं सांगायचं तर घरच्या टँकमधले सर्वांत गुणी ब्रिटल स्टार विकत घ्यावेच लागत नाहीत. ते लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे टँकमध्ये ठेवायच्या जिवंत जीवांनी भरलेल्या दगडांबरोबर, फुकट येतात. अ‍ॅम्फिफोलिस स्क्वामाटाची चकती जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असते. एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही, पिल्लं शरीरातच वाढवून बाहेर सोडायची, आणि डिवचलं तर हिरवट चमकायचं. ऑफिअ‍ॅक्टिस सॅव्हिग्नीला बहुधा सहा हात असतात आणि तो सरळ मधून दुभंगतो. तीन हात लांब, तीन आखूड असा एखादा दिसला तर त्याची नुकतीच वाटणी झाली असं समजावं. हे चिमुकले जीव फिल्टरच्या नळीत, पंपाच्या जाळीत, दगडाच्या प्रत्येक भोकात शिरतात आणि मोठ्यांचा हात पोहोचत नाही तिथला गाळ खातात. नवखा माणूस घाबरून ‘हे कसले किडे?’ म्हणून विचारत येतो. जुने हौशी त्याला ‘काढून टाकू नको’ म्हणतात आणि उलट आपल्याच संपमधलं मूठभर शेवाळ पिशवीत घालून देतात. त्यात असे वीस-पंचवीस तरी निघतात.