माल्टा : बेट आणि बोली

भूमध्य समुद्राच्या नकाशावर सिसिलीच्या दक्षिणेस बारकाईने पाहिले, तर दोनतीन ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे माल्टा हे स्वतंत्र राष्ट्र होय. क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर; म्हणजे आपल्या मुंबई महानगराहूनही लहान! जमीन चुनखडीची आणि बारमाही नदी एकही नाही. पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग आज समुद्राचे पाणी गोडे करूनच मिळवावा लागतो.

अशा ह्या रुक्ष बेटाचा मोह दर्यावर्दी सत्तांना पडला, तो त्याच्या खोल, सुरक्षित बंदरामुळे. फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन असे धनी एकामागून एक आले. १५३० मध्ये ते संत योहानाच्या सरदारांच्या हाती आले. १५६५ मध्ये तुर्कांच्या प्रचंड आरमाराने बेटाला वेढा घातला. सेंट एल्मोचा छोटा किल्ला सुमारे महिनाभर झुंजून पडला. पण बेट पडले नाही. वेढा उठल्यावर सरदारांचा वृद्ध नायक ला व्हालेट ह्याने नवे नगर वसवले. तीच आजची राजधानी व्हालेट्टा. पुढे १७९८ मध्ये नेपोलियन आला आणि १८०० मध्ये इंग्रज. १८७८ साली तर मुंबई बंदरातून निघालेल्या हिंदी पलटणीही येथे उतरल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने आणि उपासमारीने बेट टेकीस आले. लोकांच्या धैर्याबद्दल १९४२ मध्ये जॉर्ज क्रॉस हे पदक साऱ्या बेटालाच देण्यात आले.

इतके धनी बदलले, तरी शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या घरातील बोली मात्र टिकली. माल्टी भाषा मूळची अरबी कुळातली. तीत इटालियन शब्दांची मोठी भर पडली आणि ती लिहितात मात्र रोमन लिपीत. पुस्तकाला तेथे ‘क्तीब’ म्हणतात. मराठीत अरबीतून आलेला ‘किताब’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. लोक बहुतांशी कॅथलिक ख्रिस्ती आहेत. तरीही ते देवाला ‘अल्ला’ म्हणतात, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला ‘रान्दान’! शब्दांना धर्माच्या सीमा ठाऊक नसतात, हेच खरे.

न्यायालयात आणि सुशिक्षितांत दीर्घकाळ इटालियनचीच प्रतिष्ठा होती. साक्षीदार माल्टी बोले, पण न्यायालयाचा कारभार चाले इटालियनमध्ये. ह्या उपेक्षित बोलीचा कैवार मिकिएल अन्तोन वासाल्ली ह्या विद्वानाने घेतला. १७९६ मध्ये त्याने तिचा कोश प्रसिद्ध केला. लोकांना ज्ञान त्यांच्याच भाषेतून मिळाले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. राजकीय कारणांवरून त्याला अनेक वर्षे हद्दपारीत काढावी लागली. १८२० मध्ये तो परतला आणि १८२५ मध्ये विद्यापीठात माल्टीचा पहिला प्राध्यापक झाला. तरीही शासकीय मान्यतेसाठी त्या भाषेला १९३४ पर्यंत वाट पाहावी लागली.

१९६४ मध्ये माल्टा स्वतंत्र झाला आणि २००४ मध्ये युरोपीय संघात सामील झाला. त्या संघाच्या अधिकृत भाषांत आज माल्टीही आहे. मार्साश्लोक्कच्या बंदरात निळ्यापिवळ्या होड्या डुलताना दिसतात. त्यांच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात आणि ते संकटापासून राखण करतात अशी श्रद्धा आहे. गावोगावच्या चर्चचे उत्सवही दारूकामासह थाटात होतात. काही घरांतून मात्र मुलांशी इंग्रजीतच बोलण्याची चाल पडली आहे, आणि भाषाप्रेमींना त्याची चिंता वाटते.