सेवानिवृत्त कामगार आणि ई.एस.आय. : १२० रुपयांचा हक्क

कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे राबून कामगार सेवानिवृत्त होतो. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ मिळते, फंड आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब होतो. परंतु ज्या आरोग्यविम्याने त्याच्या कुटुंबाला इतकी वर्षे आधार दिला तो पुढेही चालू ठेवता येतो, ही गोष्ट पुष्कळदा त्याला कोणी सांगतच नाही. कार्ड कपाटात पडते आणि उतारवयातील औषधांचा खर्च साठविलेल्या पैशांतून होऊ लागतो. म्हणून कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजेच आपल्या सर्वांच्या परिचयाची ई.एस.आय., सेवेत असताना आणि निवृत्तीनंतर काय देते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

योजनेची जडणघडण

औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सरकारने १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर सोपविले. त्यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईत ती १९५४ साली आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. योजना मात्र चालूच आहे.

योजनेचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येकाने मिळकतीच्या प्रमाणात द्यावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के व मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी घेतली जाते. १६,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचे महिन्याला १२० रुपये कापले जातात आणि मालक ५२० रुपये भरतो.

सेवेत असताना मिळणारे लाभ

विमाधारक व त्याच्या कुटुंबीयांना दवाखान्यात तपासणी, औषधे आणि रुग्णालयातील उपचार मिळतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांत ठरावीक अटींवर दोन वर्षांपर्यंत ८० टक्के रक्कम मिळू शकते. कामावर अपघात झाल्यास तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात ९० टक्के, तर प्रसूतीसाठी २६ आठवडे पूर्ण वेतनाइतका लाभ आहे. आजारपण व प्रसूतीच्या लाभांसाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते.

निवृत्तीनंतर काय?

वयोमानानुसार सेवानिवृत्त झालेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला किंवा मुदतीपूर्वी निवृत्त झालेला कामगार किमान पाच वर्षे विमाधारक असेल, तर त्याला व त्याच्या जोडीदाराला वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. त्यासाठी नियमात दरमहा १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरण्याची तरतूद आहे. वरील उदाहरणातील कामगार सेवेत असताना जी रक्कम एका महिन्याला देत होता, तीच आता वर्षभरासाठी पुरते. कामावरील अपघातामुळे कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सोडावी लागलेल्यांसाठीही अशीच सोय आहे.

येथे दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. हा लाभ पती-पत्नींपुरता आहे, मुलांना तो लागू नाही. शिवाय तो केवळ वैद्यकीय आहे, आजारपणाची रोख रक्कम निवृत्तीनंतर मिळत नाही. फंड कार्यालयाकडून येणारे निवृत्तिवेतन ही निराळी योजना असून तिच्यात दवाखान्याची सोय नाही. त्यामुळे पेन्शन चालू आहे म्हणून उपचारांचीही सोय झाली, असे समजू नये.

वेतनमर्यादेची अडचण

कामगार संघटना झगडून वेतनवाढ मिळवितात, परंतु वेतन ठरावीक मर्यादेच्या वर गेले की कामगार ई.एस.आय.मधून बाहेर पडतो. ही मर्यादा २०१० साली १५,००० रुपये व १ जानेवारी २०१७ रोजी २१,००० रुपये करण्यात आली. अशा वेळी संघटना मालकाकडून सामूहिक मेडिक्लेम मिळवून देतात, पण तो बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबरच संपतो. त्यामुळे अनेक कामगार निवृत्तीच्या दिवशी दोन्हीकडून वंचित राहिले. ही उणीव दूर करण्यासाठी महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम शिथिल करण्याचा निर्णय घेतला. मर्यादेबाहेर जाण्यापूर्वी किमान पाच वर्षे विमाधारक असलेले, १ एप्रिल २०१२ रोजी वा त्यानंतर विम्याखाली असलेले आणि १ एप्रिल २०१७ रोजी वा त्यानंतर ३०,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर निवृत्त झालेले कामगार त्यानुसार पात्र ठरतात. पूर्वी नकार मिळालेल्यांनी पुन्हा चौकशी करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला कुटुंबागणिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद झाली. ई.एस.आय.चे लाभार्थीही तिला पात्र आहेत. मात्र ती रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. मधुमेह, रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्यांसाठी ई.एस.आय.चा दवाखानाच उपयोगी पडतो.

संघटनेचे व आपले काम

ई.एस.आय.चा हक्क युनियनच्या सभासदत्वावर अवलंबून नसतो, तो वर्गणीतून निर्माण होतो. परंतु कापलेली वर्गणी खरोखर भरली जाते की नाही, यावर लक्ष ठेवणे एकट्या कामगाराला अवघड जाते. तेथे संघटना हवी. निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रत्येक सभासदाची कागदपत्रे तपासण्याची प्रथा संघटनांनी पाडली, तर अनेकांचे हाल टळतील.

निवृत्त होणाऱ्याने विमा क्रमांक, आधार कार्ड, जोडीदाराचे छायाचित्र, पगारचिठ्ठ्या आणि मालकाने दिलेला निवृत्तीचा दाखला जपून ठेवावा व जवळच्या शाखा कार्यालयात अर्ज करावा. कारखाना बंद पडल्यावर दाखला मिळविणे फार कठीण होते, म्हणून तो नोकरीत असतानाच मागून घ्यावा. वर्गणीचे नूतनीकरण दरवर्षी मुदतीपूर्वी करावे.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असे निवृत्त कामगार आहेत. त्यांच्यातील कित्येकांना अर्ज भरता येत नाही, काहींना कार्यालयापर्यंत जाण्याचे बळ उरलेले नाही. त्यांची विचारपूस करून अर्ज भरून देणे, गरज पडल्यास सोबत जाणे, एवढे तरुणांनी अवश्य करावे, अशी आमची विनंती आहे. हा लाभ म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. त्यांनी आपल्या वेतनातून वर्षानुवर्षे त्याची वर्गणी भरलेली आहे.