गावठाणातून फाट्यावर

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माणसाने घर कुठे बांधलंय ते पाहिलं, की त्याच्या बापाला कशाचा त्रास झाला होता ते बऱ्यापैकी सांगता येतं. ज्याच्या घरी पाण्याचे हाल झाले त्याने कालव्याच्या कडेला घर बांधलं. त्या घरातून ज्याला चिखल तुडवत शाळेत जावं लागलं त्याने पुढे हायवेच्या फाट्यावर फ्लॅट घेतला. आणि फाट्यावर हॉर्नच्या आवाजात वाढलेली पोरं आता डोंगराच्या पायथ्याला शांत, हिरवागार एनए प्लॉट शोधत फिरताहेत. गेल्या पन्नासएक वर्षांत आमची प्रत्येक पिढी घरातून मागच्या अडचणीला उत्तर देत आली. पुढची अडचण कुठून येईल हे बघायला मात्र फारसं कोणी थांबलं नाही.

१९७२ च्या दुष्काळापर्यंत घराची जागा निवडायचा प्रश्नच नव्हता. ती वाटणीत मिळायची. गावठाणात एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून घरं, पुढे ओटा, मागे गोठा, आणि शेत मैलभर लांब. भांडणं सामायिक भिंतीवरून आणि पन्हळीच्या पाण्यावरून व्हायची, पण रात्री हाक मारली की चार माणसं उठून यायची. जुन्नर शहराची गोष्ट थोडी वेगळी. शिवनेरीच्या पायथ्याचं ते जुनं पेठांचं गाव, कचेरी आणि बाजार हाताशी असलेलं. तिथे राहणारा माणूस शेतकरी असला तरी स्वतःला शहरी समजायचा, आणि अजूनही समजतो.

मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं, त्यांचे कालवे, त्यांच्यामागून आलेल्या उपसा योजना. बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला, द्राक्षं आली, टोमॅटो आला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बागायतदाराला रात्रीच्या लायटीवर मोटार चालू करायला उठावं लागे. गावठाणातून कंदील घेऊन मैलभर जाण्यापेक्षा मळ्यातच राहिलेलं बरं, हा हिशेब साधा होता. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, गावठाणातला वाडा पुरेना, आणि एकेक कुटुंब मळ्यात गेलं. आज या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाच्या वेशीतून आत गेलात तर निम्मी घरं कुलपात किंवा पडझडीत दिसतात. खरं गाव रानात विखुरलंय.

या पाण्याची किंमत कुणी मोजली तेही सांगायला हवं. आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगावच डिंभ्याच्या जलाशयाखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावात, नाव मात्र बुडालेल्या गावाचं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळांचे अवशेष वर येतात आणि विस्थापितांची म्हातारी माणसं तिथे जाऊन येतात. आपलं घर कुठे असावं हे ठरवण्याचा अधिकार सगळ्यांना सारखा मिळाला नाही, एवढं तरी या मागोव्यात नोंदवून ठेवू.

मळ्यातल्या घराचे फायदे खरे होते. हवा, जागा, जनावरं, पाव्हण्यारावळ्यांना अंगण. तोटा वीसएक वर्षांनी दारात आला. उसात वर्षभर पाणी, वर्षभर आडोसा आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. बिबट्याला याहून काय हवं? २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात माणसांवरचे हल्ले एवढे वाढले की या भागाचं नाव देशभर गेलं. पकडलेले बिबटे लांब नेऊन सोडले की प्रश्न सुटेल असं तेव्हा वाटत होतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने नेमकं उलट दाखवलं: जिथे ते सोडले तिथेही हल्ले सुरू झाले. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. पण तोवर बिबट्यांच्या दोन-तीन पिढ्या उसातच जन्मल्या होत्या. डोंगर त्यांनी पाहिलाही नव्हता. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात लागोपाठ बळी गेले, तेव्हा मंचरला लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाताहेत, ही छायाचित्रं त्याच दिवसांतली. शहरातून येऊन 'फार्महाऊस' बघणाऱ्याला दलाल हे सगळं सांगत नाही. तो आंब्याची झाडं मोजून दाखवतो.

मळ्यांचं हे असं चाललं असताना दुसरीकडे पोटापाण्याने लोक बाहेर पडतच होते. आमच्या माणसाने उपनगर कसं निवडावं याचा धडा मला वाटतं त्यांनीच घालून दिला. मुंबईत डबे पोहोचवणाऱ्यांत आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळची माणसं पूर्वीपासून. गोदीत, बाजारात, माथाडीत तीच. गावकीच्या खोलीत वीस-वीस जण वळकट्या टाकून राहायचे. बायकापोरं गावी. पुढे कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार ऐंशीच्या दशकात आणि फळं-भाजीचा १९९६ मध्ये वाशीला गेला, तशी ही मंडळीही कोपरखैरणे, घणसोलीकडे सरकली. काम जिथे गेलं तिथे घर गेलं. यात हौसेला जागा नव्हती, पण चुकीलाही फार नव्हती.

पिंपरी-चिंचवडचं त्याहून बोलकं आहे. टेल्को, बजाज आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेल्या आमच्या तरुणांनी घरं घेतली ती भोसरी, इंद्रायणीनगर, दिघी, मोशी, चऱ्होली या अंगाला. आकुर्डी, निगडी, चिंचवडला तेव्हा रस्ते बरे होते, प्राधिकरणाचे आखीव प्लॉट होते. तरी ही माणसं तिकडे कमी गेली. कारण विचारा, उत्तर एकच: नाशिक रस्ता. शनिवारी पाळी संपली की शिवाजीनगरला न जाता भोसरीतच उभं राहून नारायणगावची एस.टी. पकडता यायची. आईने पाठवलेली भाकरीच्या पिठाची पिशवी कंडक्टरकडून उतरवून घेता यायची. यात्रेला, दहाव्याला, कांदे काढणीला दोन तासांत गाव गाठता यायचं. मोशी-चऱ्होली १९९७ मध्ये महापालिकेत आली, त्याआधी तिथे नळ नव्हता की गटार. तरीही लोक गेले, कारण आपला आठवडा कसा जातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि घर त्या आठवड्यावर बेतलेलं होतं. शयनगृहातून काय दिसतं हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नाही. माझ्या मते या पन्नास वर्षांत आमच्याकडे घराच्या जागेचा इतका शहाणा निर्णय दुसरा झाला नाही.

तोही काळाने थोडा कुरतडलाच. चाकणला कारखाने वाढले, २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, आणि दोन तासांचं गाव सणासुदीला चार-पाच तासांवर गेलं. आता मोशीतला माणूस गावी जायला पहाटे निघतो, चाकण जागं व्हायच्या आत.

खुद्द तालुक्यांत मात्र २००० नंतर सगळी गर्दी फाट्यांकडे धावली. मंचर, नारायणगाव, आळेफाटा. शिक्षक, बँकवाले, डॉक्टर, औषधवाले, आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून मळा सोडून आलेले बागायतदार. (आदिवासी पट्ट्यातल्या शाळेत नेमणूक झालेला गुरुजी कागदावर मुख्यालयी राहतो आणि प्रत्यक्षात घोडेगाव-मंचरला, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही.) तीनही गावं एकाच रस्त्यावर असली तरी राहायला एकसारखी नाहीत. मंचरला उपजिल्हा रुग्णालय, बाजार समिती, आणि जवळच अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. घरात म्हातारं माणूस आणि कॉलेजला जाणारं पोर दोन्ही असेल तर मंचर. नारायणगाव हे व्यापाऱ्याचं आणि रसिकाचं गाव. टोमॅटोच्या हंगामात पहाटेपासून क्रेट आणि ट्रक, पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या आणि सुपाऱ्या ठरवायला आलेले गावोगावचे पंच. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं गाव ते, तिथे शांतता मागणंच चूक. आणि आळेफाटा? पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे मध्यरात्रीही एस.टी. मिळते, चहा मिळतो, टायर मिळतो. झोप मिळत नाही. ज्याचा धंदाच रस्त्यावर आहे त्याने तिथे राहावं, निवृत्त माणसाने नाही.

फ्लॅट उभे राहिले ते ग्रामपंचायतीच्या हद्दीत. मंचरला नगरपंचायत झाली ती अगदी अलीकडे. नारायणगाव आणि नदीपलीकडचं वारूळवाडी या अजून ग्रामपंचायतीच. चार मजली इमारत, तिला गावाची नळयोजना आणि सांडपाणी मागच्या ओढ्यात, असं वर्षानुवर्षं चाललं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत हे दोन तालुके नाहीत, त्यामुळे पुण्याजवळच्या खेड्यांवर निदान कागदावर असणारी नियोजनाची देखरेख इथे नाही. १ मे २०१७ पासून गृहप्रकल्पांची नोंदणी बघणारं महारेरा सुरू झालं. पण आठपर्यंत सदनिका किंवा पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड असला की नोंदणीची सक्ती नाही, आणि आमच्याकडच्या कितीतरी इमारती एवढ्याच. पार्किंगच्या जागी गाळे निघाल्याचं पैसे भरून झाल्यावर कळतं.

बाह्यवळण रस्ते झाल्यावर फाट्यांचं चित्र पुन्हा पालटलं. दुकानदार म्हणाले धंदा गेला, वरच्या मजल्यावरचे म्हणाले कान मोकळे झाले. आणि लगेच बाह्यवळणाच्या कडेला प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या! म्हणजे वीस वर्षांनी पुन्हा तेच.

पाट्यांवर मधल्या काळात एक शब्द हमखास असायचा: रेल्वे. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड मार्गाच्या आराखड्यात मंचर आणि नारायणगावची स्थानकं होती. त्या भरवशावर किती गुंठे विकले गेले त्याला गणती नाही. अडलं कुठे, तर नारायणगावजवळच्या खोडदला. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, पंचवीसएक किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ तरंग त्या टिपतात. विजेवर धावणाऱ्या गाडीचा उपद्रव त्यांना चालत नाही. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगून टाकलं की नारायणगावावरून मार्ग नाही, शिर्डीकडून जाईल. याच दुर्बिणीमुळे इथे मोठी औद्योगिक वसाहत होऊ शकली नाही, आणि त्याबद्दल तरुणांची तक्रार आहे. ती रास्तही आहे. पण राहायला घर शोधणाऱ्याने दुसरी बाजू बघावी. शेजारी धुराडं येणार नाही याची एवढी भक्कम हमी पुणे जिल्ह्यात क्वचितच कुठे मिळेल.

आता सगळ्यांची नजर पश्चिमेला आहे. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. नाणेघाट, माळशेज, लेण्याद्री, डिंभ्याचं पाणी यांच्या आसपास 'सेकंड होम'च्या जाहिराती निघू लागल्या. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. नेहमीची गाडी घेऊन आलेल्या एस.टी. चालकाला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. १५१ माणसं गेली. नवं माळीण आमडे गावाजवळ वसवलं, २ एप्रिल २०१७ ला लोकार्पण झालं, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचले, भराव वाहून गेला. सरकारने, तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, निवडलेल्या जागेची ही कथा. मग जेसीबीने एका दिवसात उतार कापून केलेल्या प्लॉटचं काय? त्या पट्ट्यात बरीच जमीन आदिवासींची आहे, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. भीमाशंकर अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडायचे तर २०२३ पासून बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठ्यांची मर्यादा आहे. तरी पाच जणांच्या नावे सामायिक सातबारा करून प्रत्येकाला दोन गुंठे दाखवण्याचा धंदा जोरात चालतो. त्या उताऱ्यावर तुमचं नाव असतं, तुमची जागा कुठली ते नसतं.

घर घ्यायचंच असेल तर आधी त्याच गावात जून ते सप्टेंबर भाड्याने राहून बघा. मंचर-नारायणगावला खोल्या मिळतात. रात्री दहाला दवाखान्यात जाऊन या, नळाला पाणी कितीला येतं ते लिहून ठेवा, रविवारी संध्याकाळी चाकण पार करून पुण्याला जाऊन बघा. मळ्यात घ्यायचं असेल तर अंधार पडल्यावर शेजारची वस्ती किती लांब आहे ते चालत मोजा, आणि सोबत बॅटरी न्या. चार महिन्यांनीही तिथेच राहावंसं वाटलं तर तलाठ्याकडे जाऊन उतारा काढा. त्याआधी कुणालाही विसार देऊ नका.