काच घासली की पांढरी का होते? आणि ती पुन्हा गुळगुळीत कशी होते?

लाखनीच्या बाजारातून मी शोकेससाठी एक काच कापून आणली. दुकानदारानं तिच्यावर हिरा फिरवला, टक् करून तुकडा वेगळा केला आणि कागदात गुंडाळून दिला. कड चांगलीच धारदार होती. घरी पॉलिश पेपर होताच. नळाखाली धरून दहा मिनिटं घासली. धार गेली, कड मस्त चकचकीत दिसायला लागली. मी खूश! पण काच वाळली आणि तीच कड पांढरीफटक पडली.

आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. पितळेचं भांडं जितकं घासाल तितकं चमकतं, हे इथं सगळ्यांनाच माहीत आहे. मग काच घासली की उलटं का होतं? आणि दुर्बिणीचे आरसे तर काच घासूनच बनवतात, ते इतके गुळगुळीत कसे होतात?

पितळ दबतं, काच फुटते

पितळ हा धातू आहे. घासताना त्याचा पृष्ठभाग थोडा दबतो, पसरतो, उंचवटे सपाट होतात. काच अशी दबत नाही. तिच्यावर कठीण कण दाबला की बारीक टवका उडतो आणि तिथं खड्डा पडतो. म्हणजे काच घासणं हे खरं तर लाखो छोटे टवके काढणं आहे.

या प्रत्येक खड्ड्यावर प्रकाश वेगवेगळ्या दिशेला फेकला जातो, म्हणून घासलेली काच पांढरी दिसते. बर्फाची लादी बऱ्यापैकी पारदर्शक असते, पण किसून गोळा केला की पांढरा होतो. कारण तेच.

मग ओली असताना कड चांगली का दिसत होती? कारण खड्डे पाण्यानं भरले होते. काच आणि हवा यांच्यापेक्षा काच आणि पाणी यांच्या सीमेवर प्रकाश कमी वळतो, त्यामुळे खड्डे लपतात. बाथरूमच्या धुरकट काचेवर पाणी उडालं की तिथून आरपार दिसू लागतं, तेही यामुळेच. म्हणून काच किती गुळगुळीत झाली हे तपासायचं असेल, तर ती आधी पुसून पूर्ण कोरडी करा. ओली काच फसवते.

नंबरांचा खेळ काय आहे?

काच घासायला सहसा सिलिकॉन कार्बाइड वापरतात. काठिण्याच्या मोह्स मोजपट्टीवर काच साडेपाच-सहाच्या आसपास येते, तर सिलिकॉन कार्बाइड नऊच्याही वर. भुकटीचा नंबर जितका मोठा, तितका कण बारीक. ८० नंबरचा कण साधारण ०.२ मिलिमीटरचा, २२० चा ०.०६ आणि ६०० चा ०.०१ मिलिमीटरच्या आसपास असतो.

जाड कण काच भराभर काढतो, पण खोल खड्डे पाडतो. शिवाय दिसणाऱ्या खड्ड्याच्या खालीही काचेत बारीक तडे गेलेले असतात. पुढच्या नंबरचं काम एकच: आधीच्या नंबरचे सगळे खड्डे आणि तडे संपेपर्यंत काच झिजवायची आणि त्या जागी स्वतःचे लहान खड्डे सोडायचे. म्हणजे प्रत्येक टप्प्यात खड्डे पूर्ण नाहीसे होत नाहीत, फक्त लहान होतात.

इथंच बहुतेकांचं चुकतं. '८० नंतर थेट ६०० मारू, शेवटी पॉलिशनं चमकेलच,' असं वाटतं. पण ६०० चा बारीक कण ८० च्या खोल खड्ड्याच्या तळापर्यंत जायला कितीतरी तास घेईल. वरचा भाग गुळगुळीत होतो आणि खड्डे जसेच्या तसे राहतात. वाचवलेला अर्धा तास पुढं अर्धा दिवस खातो.

दुर्बिणीचा आरसा: याच कामाची सगळ्यात कडक परीक्षा

महाराष्ट्रात हे काम हौशी लोकही करतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशनिरीक्षणाची आवड रुजवते आहे. पुण्यातल्याच आयुका या संस्थेनं दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तिथं शिक्षक आणि विद्यार्थी स्वतःच्या हातानं आरसा घासतात.

पद्धत जुनी आणि सोपी आहे. काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये भुकटी आणि पाणी. वरची चकती मागे-पुढे सरकवायची, थोडी फिरवायची आणि स्वतःही टेबलाभोवती हळूहळू फिरायचं. वरची चकती आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. मग ८०, १२०, २२०, ३२०, ४००, ६०० असा एकेक नंबर बदलत जायचं.

प्रत्येक नंबरनंतर चकत्या, हात, टेबल, बादली सगळं धुवायचं. ८० चा एक कण जरी ६०० च्या टप्प्यात राहिला, तरी लांब ओरखडा पडतो आणि मागच्या एक-दोन नंबरांपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

चमक शेवटी येते कुठून?

६०० नंतरही काच धुरकटच असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. खड्डे त्याहून बरेच लहान झाले तरच काच पारदर्शक दिसते.

त्यासाठी सिरियम ऑक्साइडची भुकटी लागते. दुर्बिणीच्या कामात ती पिचवर, म्हणजे राळेसारख्या चिकट पदार्थाच्या थरावर, पाण्यासोबत वापरतात. इथं टवके उडत नाहीत. पाणी आणि सिरियम ऑक्साइडची काचेच्या वरच्या थराशी रासायनिक क्रिया होते आणि तो अतिसूक्ष्म थर हळूहळू निघत जातो. हे काम संथ असतं. आधीचे खड्डे खोल राहिले असतील तर ते इथं बुजत नाहीत.

शेवटी आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढवतात, तो जेमतेम ०.१ मायक्रॉनचा. तोही काही लपवत नाही, उलट खालचा प्रत्येक दोष उजळवतो. चांगल्या आरशाचा आकार ठरलेल्या आकारापेक्षा ०.०७ मायक्रॉनच्या आसपासच चुकलेला चालतो. केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग! अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची आरशाचं घासकाम १९३६ मध्ये सुरू झालं आणि १९४७ मध्ये संपलं. मध्ये युद्धामुळे ते थांबलंही होतं.

घरी काचेची कड घासायची असेल तर?

- आधी काच टफन्ड नाही ना, हे दुकानात विचारा. टफन्ड काचेची कड घासली तर अख्खी काच चुरा होऊन फुटू शकते. तिचं घासकाम टफन करण्याआधीच होतं.
- काळा वॉटर पेपर घ्या. १२०, २२०, ४००, ६००, १००० असा क्रम ठेवा, मधला नंबर गाळू नका. कागदावरचा 'पी ६००' हा भुकटीच्या ६०० पेक्षा जाडा असतो, त्यामुळे कागद आणि भुकटीचे नंबर एकमेकांशी जुळवू नका.
- सुरुवातीला कडेचे दोन्ही कोपरे हलक्या हातानं तिरके मोडा. नाहीतर पुढं तिथून टवके उडतात.
- कडेवर मार्करनं रेघोट्या मारा. त्या सगळीकडून सारख्या पुसल्या तर घासणं सारखं होतंय.
- नंबर बदलण्याआधी काच धुवा, वाळवा आणि टॉर्चचा उजेड तिरका मारून भिंगातून बघा. एकही मोठा खड्डा दिसला तर पुढं जाऊ नका.
- चमक हवी असेल तर शेवटी नमद्याच्या तुकड्यावर सिरियम ऑक्साइड आणि पाणी.
- कोरडी काच कधीच घासू नका. धूळ डोळ्यांत आणि फुफ्फुसांत जाते. चष्मा आणि हातमोजे घाला. काम पाण्याचं आहे, त्यामुळे विजेचं ड्रिल वापरू नका.

मग मोबाईलच्या स्क्रीनवर टूथपेस्ट?

हा जुगाड रील्समध्ये सारखा दिसतो. पण टूथपेस्टमधली भुकटी दात जपण्यासाठी सौम्य ठेवलेली असते. नखाला लागणाऱ्या ओरखड्याच्या तळापर्यंत ती पोहोचत नाही. स्क्रीनवरचा बोटांचे डाग टाळणारा थर मात्र निघू शकतो. आणि खरंच खोलवर घासलं, तर काचेला मजबुती देणारा काही दशक मायक्रॉनचा थर कमी होतो. गाडीच्या पुढच्या काचेवरचा खोल ओरखडा घासून काढला तर तिथं खळगा पडतो आणि समोरचा रस्ता वाकडा दिसतो. रात्री हायवेवर समोरून ट्रकचे दिवे येत असताना हे परवडणारं नाही.

माझ्या शोकेसच्या काचेचं पुढं काय झालं? पुन्हा १२० पासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक नंबरनंतर काच वाळवून बघितली. दीड तास लागला. कड आरशासारखी नाही झाली, पण हात फिरवला तर रेशमासारखी लागते आणि वाळल्यावरही तशीच राहते.