नव्या तबकड्यांची फेरिस्त

ख्याल आणि लावणी, अभंग आणि कव्वाली, नाट्यपद आणि नकला एकाच महिन्याच्या यादीत शेजारी शेजारी नांदत असलेल्या पाहून, ग्रामोफोन कंपनीची जुनी सूचिपत्रके चाळणाऱ्या आजच्या वाचकास त्या व्यवस्थेत रसिकतेचे मोठे औदार्य दिसण्याचा संभव आहे. वस्तुतः तिच्या मुळाशी निखळ व्यापारी हिशेब होता. यंत्र महाग, आणि ज्या मुलखात आपल्या भाषेतले गाणे त्या यंत्रातून निघत नाही तेथे ते विकत घेणार कोण, हे लंडनच्या पेढीने फार लवकर ताडले आणि फ्रेड गैसबर्ग नावाच्या आपल्या ध्वनिमुद्रकास १९०२ साली पूर्वेकडे रवाना केले. त्या वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या एका हॉटेलात गौहरजान कर्ण्यासमोर गायल्या व गाणे संपताच त्यांनी आपले नाव इंग्रजीत उच्चारले. कारण ध्वनिमुद्रिका छापल्या जावयाच्या त्या जर्मनीतील हॅनोवर शहरी, आणि चकती कोणाची हे तेथील कारागिरांस त्या उच्चारावरूनच कळावयाचे. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना निघाला, तेव्हा ही दूरची खेप टळली. तबकडीचा जीव जी लाख, ती मात्र आरंभापासून हिंदुस्थानचीच होती.

मिनिटास ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका अंगास तीन-सव्वातीन मिनिटांहून फारसे अधिक गाणे सामावू शकत नसे. ज्या गायकीस नुसता षड्ज स्थिर करावयास तेवढा अवकाश हवा, तिने या अटीपुढे काय करावे? भास्करबुवा बखल्यांचे गाणे तबकडीवर राहिले नाही, अल्लादियाखाँसाहेबांचेही नाही, आणि त्या दोघांच्या मैफलींची वर्णने वाचताना, कितीही तोकडी का होईना पण एखादी चकती असती तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही. उलटपक्षी अब्दुल करीमखाँसाहेबांनी झिंझोटीतली आपली ठुमरी तबकडीत अशी बसविली की संक्षेप ही तिथे तडजोड न राहता रचनेचाच गुण झाला. अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर, यांनी गायिलेली भैरवी तर सुमारे साडेतीन मिनिटांतच आटोपते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात धाडलेल्या तबकडीवर हिंदुस्थानच्या वतीने जे एकमेव गायन गेले, ते हेच. ज्या मर्यादेचा मैफलीच्या गवयांनी तिटकारा केला, तिच्यातच घडलेली ही चीज होती, हे विसरता कामा नये.

लांब तबकडी (एलपी) अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणली. तिच्या एकेका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागताच आपल्याकडील रागसंगीतास प्रथमच ऐसपैस बैठक लाभली. १९५५ साली अमेरिकेत निघालेल्या अली अकबर खाँच्या मुद्रिकेत सकाळचा व संध्याकाळचा असे दोनच राग होते, आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी तीत प्रास्ताविक निवेदन केले होते. किशोरी आमोणकरांच्या एका मुद्रिकेवर या अंगास भूप, त्या अंगास बागेश्री. दोहोंच्या मध्ये तबकडी उलटण्यापुरता जो विराम पडे, तो मला तरी कधी उपद्रव वाटला नाही, कारण एक राग कानातून ओसरल्यावाचून दुसरा ऐकू नये ही शिस्त त्यातून आपोआप पाळली जाई. याच अवकाशाचा निराळा उपयोग १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या मुद्रिकेत झाला. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी व ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांनी काश्मिरातील एका मेंढपाळाच्या दिवसाचे प्रहर वेगवेगळ्या रागांत गुंफले. म्हणजे सुटी गाणी एकत्र बांधलेली नव्हेत, तर एक सलग कथा सुरांत मांडलेली.

कॅसेटचे युग यापुढे आले. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, कंपनीची सनद नसलेल्यासही संग्रह काढता येऊ लागला, आणि शहरी सूचिपत्रकांत ज्यांना जागा अपुरी होती ती भीमगीते व लोकगीते गावोगावच्या दुकानांत जाऊन पोहोचली. रागसंगीताच्या बाबतीत पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने केलेली कामगिरी स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता तबकडी आणि कॅसेट दोन्ही मागे पडल्या, आणि गाणे इंटरनेटवरून येऊ लागले. १० जुलै २०१५ पासून जगातील अनेक देशांत नवे संग्रह शुक्रवारी प्रसृत करण्याचा दंडक पडला आहे, आणि त्या एकाच दिवशी जाझ, हिपहॉप, गझल, हेवी मेटल रॉक व धृपद अशी मिसळ श्रोत्यापुढे येते. वेळेचे बंधन तर मुळीच उरलेले नाही; दोन तासांचा दरबारी जसाच्या तसा चढविता येतो. तरीही पुष्कळशी गाणी पुन्हा तीन मिनिटांच्या आसपास येऊन ठेपली आहेत. स्पॉटिफायसारख्या सेवेत तीस सेकंद ऐकले गेल्यावरच गाणे ‘ऐकले’ असे हिशेबी नोंदले जाते, म्हणून प्रस्तावना कापून गळा चटकन पुढे आणण्याकडे कल वाढला. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या जमान्यातील गवईही पहिली तान लवकर घेई, परंतु त्यास ते करावयास लाखेची तबकडी भाग पाडी, खतावणी नव्हे.

माझी तक्रार याहून साधी आहे. लांब तबकडीच्या वेष्टनाच्या पाठीवर रागाची माहिती, तबल्यास कोण, संवादिनीस कोण, हे सविस्तर छापलेले असे. नव्या फेरिस्तीत पुष्कळदा गायकाचे नाव तेवढे राहते, साथीदार गळतात, आणि राग कोणता हे कोणी तरी चुकीचेच नोंदवून ठेवते. जागेची टंचाई तेव्हा होती. आता ती सबब सांगता येत नाही.