लेकी बोले, सुने लागे

काव्यांतील अलंकार हा विषय निघाला कीं पुष्कळ घरांत शाळेंतील एक कंटाळवाणी आठवण जागी होते. उपमा, रूपक, श्लेष यांच्या व्याख्या घोकावयाच्या, परीक्षेच्या दिवशीं उतरून काढावयाच्या आणि दुसऱ्या दिवशीं विसरावयाच्या, एवढाच त्यांचा आपल्याशीं संबंध, अशी समजूत होऊन बसते. वास्तविक ज्या घरांत 'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण नांदते, त्या घरास अन्योक्ति निराळी शिकवावी लागत नाहीं. बोलणें एकाशीं आणि रोख दुसऱ्यावर, हीच अन्योक्ति. शास्त्रकारांनीं तिला नांव दिलें इतकेंच. माजघरांत तिचा वावर जुनाच आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत अलंकार अवघे चार सांगितले आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढें ही संख्या वाढत गेली आणि सोळाव्या शतकांत अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदां'त ती शंभरावर पोंचली. त्याच शतकांत गोदातीरीं एकनाथमहाराज (१५३३–१५९९) भारुडें रचीत होते. नाथांनीं अलंकारांचा लक्षणग्रंथ लिहिला नाहीं. परंतु रूपक म्हणजे काय, हें ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांनाही त्यांनीं समजावून दिलें.

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जातांना वाटेवर चितेगांव लागतें. आज या भागांत कारखानदारी आली आहे. तरी फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली कीं पैठणास दिंड्या लोटतात आणि नाथांचीं भारुडें टाळमृदंगावर उभीं राहतात. 'उभीं राहतात' हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. भारुड हें नुसतें गाणें नव्हे. त्यांत सोंग असतें. वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू चावलेला मनुष्य अशीं नित्याचीं पात्रें पुढें येतात, हंसवितात आणि हंसतां हंसतां दुसराच अर्थ पदरांत टाकून जातात. म्हणून भारुड हें काव्यही आहे आणि नाट्यही आहे.

भवानीला रोडगा वाहण्याचा नवस करणारी सून आमच्या वाचकभगिनींस ठाऊक असेलच. सासरा, सासू, जाऊ, नणंद अशीं एकेक माणसें आपल्या वाटेंतून दूर व्हावीं, असें ती देवीला विनविते. ऐकणारा बायकांचा घोळका प्रथम हंसूं लागतो. तरुण सुना पदर तोंडाशीं धरितात. म्हाताऱ्या मोकळेपणानें हंसतात, कारण त्याही एके काळीं सुनाच होत्या. परंतु मागणें नवऱ्यापर्यंत येतें आणि शेवटीं सर्वच जावोत, आपण एकटी उरावें, असें ती म्हणते, तेव्हां हंसूं थांबतें. संसाराला कंटाळलेली सून एवढेंच मागणार नाहीं. हें मागणें मुमुक्षु जिवाचें आहे, हें तेथें कळतें. सासर म्हणजे प्रपंच, माणसें म्हणजे जिवाला वेढून बसलेले विकार, हा उलगडा मग निरूपणकारानें करावयाचा.

नाटकांत याच्या जवळची एक युक्ति आहे. तिला पताकास्थानक म्हणतात. भवभूतीच्या 'उत्तररामचरितां'त सीता रामाच्या हातावर डोकें ठेवून निजली आहे; हिचा विरह तेवढा सोसणार नाहीं, असें राम म्हणतो, आणि त्याच क्षणीं प्रतिहारी येऊन 'आला आहे' असें सांगते. ती दुर्मुख नांवाच्या हेराविषयीं बोलते. प्रेक्षकाच्या कानांवर मात्र विरहच आल्याची वर्दी पडते. तेथें बोलणारीस दुसरा अर्थ ठाऊक नसतो. भारुडांत सोंग घेणाराही तो जाणतो आणि ऐकणाराही हळूहळू जाणूं लागतो.

येथेंच आम्हांस वाचकांपुढें एक शंका ठेवावयाची आहे. हें सर्व आध्यात्मिक आहे, असें म्हणून आपण सुटका करून घेत नाहीं ना? सुनेचें गाऱ्हाणें खोटें, विकारांचा अर्थ तेवढा खरा, असें म्हटलें कीं सासूला बरें वाटतें. पण रूपकाचा नियम असा नाहीं. मुखाला चंद्र म्हणावयाचें तर चंद्र खरोखरच आल्हाददायक असावा लागतो. सासुरवास जर कोणाच्या अनुभवांतलाच नसता, तर प्रपंचाच्या जाचाला त्याचें रूपक शोभलेंच नसतें. नाथांचें रूपक उभें राहिलें तें त्या खऱ्या दुःखाच्या आधारावर.

ब्राह्मण आणि महार यांच्या संवादाचें भारुड असेंच आहे. त्यांत ब्राह्मण दटावतो आणि महार त्यालाच ज्ञानाची गोष्ट ऐकवितो. लिहिणारे पैठणचे ब्राह्मण होते. त्यांनीं हें बोलणें महाराच्या मुखीं घातलें, याचा अर्थ आत्मज्ञानापुरताच आहे, असें म्हणून आपण पुस्तक मिटलें, तर जें आपल्याला लागावें म्हणून बोललें गेलें, तें आपण लेकीच्याच नांवावर लोटून दिलें असें होईल.

या जिल्ह्यांतीलच भारुडकार निरंजन भाकरे (निधन २०२१) यांनीं हीच कला व्यसनमुक्तीच्या कामीं लाविली. दारूवर व्याख्यान दिलें तर पिणारा उठून जातो. सोंग पाहावयास तो बसून राहतो आणि ऐकतां ऐकतां आपणच तें सोंग आहों, हें ओळखतो. आडून बोलण्यांत केवळ चातुर्य नसतें. समोरच्याची लाज राखण्याची माणुसकीही असते.

तेव्हां घरांत पुढच्या वेळीं रोडग्याचें भारुड लागेल, तेव्हां मुलांना रूपकाची व्याख्या अवश्य सांगावी. परंतु तत्पूर्वीं घरांतील सर्वांत धाकट्या सुनेला, तिला कोणतें कडवें आवडलें, हें विचारावें, आणि ती जें नांव घेईल तें रागावल्यावांचून ऐकावें.