टाकीपुरती गन बास!

बाबांच्या कॉलेजातली आरएक्स १०० घरीच रंगवायचीय? मग शिवाजी उद्यमनगरात गन बघायला जाण्याआधी आपला कॉम्प्रेसर केवढा आहे ते बघा. गाड्यांच्या बॉडीसाठीची १.४ एमएमची गन भसाभस हवा खाते. छोट्या कॉम्प्रेसरला धाप लागते, प्रेशर पडतं आणि टाकीवर रंगाचे ठिपके उडतात. टाकी आणि साइड पॅनेलला ०.८ ते १ एमएम नोझलची, वर छोटा कप असलेली टच-अप गन पुरते. दाट प्रायमर तेवढा तिच्यातून नीट निघत नाही.

वाचलेल्या पैशांत हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर घ्या. तरीही भर पावसात लॅकर मारू नका, पांढरट पडतं. आणि टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं, दम्याला आमंत्रणच. तिथं रुमाल बांधून भागत नाही, भावा! ते काम सरळ बूथवाल्या पेंटरकडे द्या.